पत्र्यावर दोन ठोके

"जनरेटर बंद करू नकोस, तसाच आत घे!" पुष्कर ड्रायव्हरला ओरडून सांगत होता आणि ती लांबलचक पांढरी गाडी धडधडत माझ्या गॅरेजच्या फाटकातून आत येत होती. मी एका टेम्पोच्या टपावर वायर ओढत बसले होते. गाडीच्या अंगावर माणसापेक्षा मोठं चित्र होतं. पांढरे केस, कपाळाला गंध, जोडलेले हात आणि खाली ठळक अक्षरांत 'आपले नाना, आपल्या दारी'. माझ्या हातातली पक्कड तिथंच थांबली.

ते तोंड सगळा महाराष्ट्र ओळखत होता. रोज संध्याकाळी टीव्हीवर सुनेला लेक म्हणणारे, भावाभावांचं भांडण मिटवणारे, कधी आवाज न चढवणारे नाना. खरं नाव चंद्रहास मोरवणकर. माझी ओळख मात्र टीव्हीच्या आधीची. मी शाळेत असताना या माणसानं पन्हाळ्यावर, शूटिंगच्या सगळ्या माणसांदेखत, माझ्या वडिलांच्या मुस्काटात मारली होती आणि दारुडा म्हणून त्यांना हाकलून दिलं होतं.

माझ्या वडिलांना मी आबा म्हणते. आनंदा कुंभार. गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात कधी सुपारीचं खांडसुद्धा नाही.

"कुणाची गाडी गं, वैजे?" आबांनी फाटकाजवळच्या ड्रमवरून विचारलं. विचारलं म्हणजे निम्म्या हायवेला ऐकू गेलं. आबा ठार बहिरे आहेत. मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ओठ मोठे हलवून सांगितलं, "ना-ना."

आबा उठले. मला वाटलं, थुंकतील, निदान पाठ तरी फिरवतील. ते सरळ गाडीपाशी गेले, जनरेटरच्या कप्प्यावर तळहात टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "बुडाचं रबर गेलंय ह्याचं. पत्रा लई थरथरतोय. आधी ते बदल."

आता यांना काय म्हणावं? रागानं माझं डोकं भणभणत होतं आणि हे रबर तपासत होते.

पुष्कर नानांचा मॅनेजर. तिशीचा, सडपातळ, सदा घाबरलेला. नानांचा नवा एकपात्री कार्यक्रम निघाला होता, 'घरात गोड कसं बोलावं' या विषयावर. गावोगावी प्रयोग, मुक्काम गाडीतच. पण जिथं जावं तिथं शेजारपाजारचे लोक जनरेटरच्या नावानं शिमगा करत. म्हणून छपरावर सोलर पॅनेल, खाली बॅटऱ्या, आणि दिवे, फ्रिज, एसी सगळं त्यावर चालवायचं. जनरेटर फक्त अडीअडचणीला ठेवायचा.

"तुमचं काम चांगलं असतं असं ऐकलंय," पुष्कर म्हणाला.

"चांगलंच करीन," मी म्हटलं.

माझा नवरा विलास गाड्यांच्या बॉडीचं बघतो, मी वायरिंगचं. गाडी बाजूला लावून झाल्यावर त्यानं मला आत बोलावलं. "वैजू, हे काम घेऊ नकोस. तुझा चेहरा बघितलाय मी."

"घेतलंय."

"आणि करणार काय हाईस?"

"काम करणार," मी म्हटलं. त्याचा काही विश्वास बसला नाही, आणि त्याची चूकही नव्हती.

पन्हाळ्यावर काय झालं होतं ते इथंच सांगून टाकते.

तेव्हा नाना सिनेमात होते आणि आबा त्यांच्या व्हॅनवर जनरेटर सांभाळायला होते. नाना आत असले की जनरेटर चालूच पाहिजे, असा दंडक होता. बंगल्यात शूटिंग असो, भिंतीवर विजेचा बोर्ड असो, बाहेर थंडी असो, जनरेटर चालू. लोकांना वाटायचं, मोठा नट आहे, एसीशिवाय राहवत नसेल. खरं कारण आबांना ठाऊक होतं. नाना आत बसून ज्याला त्याला ज्या शिव्या घालत त्या बाहेर जाऊ नयेत म्हणून हा धडधडाट. आणि त्याचा एक नियम होता. डिझेल भरायला किंवा पट्टा बदलायला जनरेटर बंद करायचा असेल, तर आधी पान्यानं पत्र्यावर दोन ठोके द्यायचे. ठोके पडले की आत नाना गप्प. जनरेटर सुरू झाला की नाना सुरू. तो पाना आबांच्या शर्टाच्या खिशात कायम असायचा. अजून असतो.

वर्षानुवर्षं त्या मशीनला पाठ लावून बसल्यावर आबांचे कान हळूहळू जात चालले होते. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं, कारण त्यांच्या कानात जनरेटर कधी बंदच व्हायचा नाही. रात्री घरी, देवळात, जेवताना तो आवाज चालूच. "माझ्या डोक्यात सुरूच हाय त्यो," असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो. त्या दिवशी पन्हाळ्यावर डिझेलच्या नळीत हवा शिरली आणि जनरेटर आपोआप बंद पडला. आबा चार पावलं लांब बसले होते, त्यांना वाटलं, चालू आहे. ठोके कुठले पडणार? आत नाना निर्मात्याच्या बायकोबद्दल जे काही बोलत होते ते बाहेर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या खुद्द निर्मात्याच्या बायकोनं ऐकलं.

नाना बाहेर आले. पुढं ते बाईंच्या पायासुद्धा पडले म्हणतात. पण त्याआधी आबांच्या मुस्काटात बसली. "पिऊन पडतो हरामखोर! मशीन बंद पडलेलं कळत नाही!"

आबा खाली मान घालून घरी आले. त्यांच्या आधी बातमी गावात येऊन बसली होती. त्यांना पुन्हा कुठल्या युनिटनं उभं केलं नाही. गावच्या भजनी मंडळात आबा टाळ वाजवायचे, तिथं त्यांचा ताल चुकायला लागला, आणि ताल चुकला तो दारूमुळे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मंडळाचे मुख्य गणूआप्पा. त्यांनी भर भजनात आबांच्या हातातून टाळ काढून घेतला. "आनंदा, पिऊन देवाम्होरं बसू नगंस," म्हणाले. पुढं दवाखान्यात कळलं की कान गेलेत, तर लोक म्हणाले, दारूनंच गेले असणार.

आणि आबा? ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी आपल्याला ऐकूच आलं नव्हतं, हे दवाखान्यानंतरही त्यांना पटलं नाही. त्यांना आतून वाटायचं, आपलाच डोळा लागला असणार, आपणच ठोके द्यायचे चुकलो. या एका गोष्टीपायी मी नानांवर सगळ्यात जास्त जळत होते. थप्पड मारली ती मारली, वर निरपराध माणसाला स्वतःवर संशय घ्यायला लावला.

तर अशा माणसाची गाडी माझ्या हातात आली होती.

पहिला विचार जो यायचा तोच आला. बॅटरीच्या जाड वायरीचं टोक यंत्रात दाबून घट्ट करतात. एकच टोक अर्धवट दाबलं, तर गाडी छान चालते. मग महिन्या-दोन महिन्यांत एसीचा भार पडून ते टोक तापतं, आणि पुढचं सांगायला नको. मी ते टोक हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मग डोक्यात आलं, नाना मोठ्या गावात हॉटेलात झोपतात. गाडीत झोपतो ड्रायव्हर आणि हा पुष्कर. जळतील ते, आणि नाना टीव्हीवर त्यांच्यासाठी डोळे पुसतील. मी ते टोक यंत्रात धरलं आणि पुरतं दाबलं. दया वगैरे काही नव्हती त्यात. मला नेमका माणूस हवा होता.

काम सुरू झालं. छपरावरच्या एसीच्या खोक्याची सावली पॅनेलवर पडत होती, ती चुकवायला पॅनेलं मागं सरकवली. भोकं पाडली तिथं सील भरलं, बादलीनं पाणी ओतून पाहिलं. आबा खाली तळहात टेकवून फिरत. "हितं थरथरतंय. हितं घट्ट कर." मी करत होते. मला स्वतःचाच राग येत होता की या माणसाचं काम हातून वाईट होत नाही.

आणि मग एक दिवस नाना स्वतः आले. गाडीला हात लावून पाहिलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "छान हो बाळ, बाईमाणूस असून एवढं करतेस," म्हणाले. आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. नानांनी त्यांच्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. जनरेटरवाल्याच्या तोंडाकडे त्यांनी पूर्वी तरी कधी पाहिलं होतं? नाना आत जाऊन बसले, एसी लावला, दार लावून घेतलं. जनरेटर चालूच होता. मला बॅटऱ्यांवर भार घेऊन बघायचा होता, म्हणून पुष्करला सांगून मी बाहेरूनच जनरेटर बंद केला. एसी बॅटरीवर गेला. आतला एक दिवासुद्धा लुकलुकला नाही. मी खूश होऊन छपरावर चढले आणि हात सीलच्या नळीवर तसाच राहिला.

छपरातल्या हवेच्या झडपेतून नानांचा आवाज येत होता. भांडताना माणूस जेवढा चढवतो तेवढा आवाज, आणि एका मालिकेतल्या नटीबद्दल अशी भाषा की माझे कान तापले. मध्ये पुष्करचा बारीक आवाज, "नाना, हळू... नाना." नाना कुठले हळू! जनरेटर चालू असताना बोलावं तसंच त्यांचं चाललं होतं.

मी खाली आले, दार वाजवून आत गेले. नाना लगेच गोड हसले. मग कपाळ चोळत म्हणाले, "बाळ, तो जनरेटर आता बंद कर गं. केव्हापासून डोकं उठवलंय त्यानं."

जनरेटर बंद होऊन पुष्कळ वेळ झाला होता.

मी पुष्करकडे पाहिलं. त्यानं नजर खाली वळवली. त्याला माहीत होतं. नानांच्याही डोक्यात तो सुरूच होता. ज्या मशीनच्या आडोशानं आयुष्यभर शिव्या घातल्या, त्या मशीननं त्यांचेही कान खाल्ले होते. नट माणूस, कबूल कसा करणार? ओठांकडे बघून आणि अंदाजानं वेळ मारून नेत होते.

"करते हं बंद," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी घरी जाताना पेढे नेले. विलासनं विचारलं, "कशाचे?" मी म्हटलं, "टेस्ट पास झाली."

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी पुष्करनं थाट केला होता. नानांचीच कल्पना. नव्या सोयीची पूजा, फोटो, 'सूर्यावर चालणारं घर' म्हणून बातमी. कोल्हापूरच्या एका चॅनेलची मुलगी माईक घेऊन आली. गावातल्या बाया आरतीची ताटं घेऊन आल्या. गणूआप्पांचं भजनी मंडळ टाळ-पखवाज घेऊन सतरंजीवर बसलं. आदल्या दिवशी ढग होते, म्हणून मी सकाळपासून जनरेटर लावून बॅटऱ्या भरत होते. ते खरंही होतं. त्या धडधडाटात भजन सुरू करता येईना, म्हणून मंडळी नुसती टाळ मांडीवर घेऊन बसली होती.

आबांना मी इस्त्रीचा सदरा घालायला लावला आणि मुद्दाम गाडीजवळ, लोकांसमोर उभं केलं. "हितं कशाला?" ते म्हणाले. "मी घरी जातो की."

"थांबा," मी ओठांनी सांगितलं. आबा थांबले, आणि सवयीनं हात जनरेटरच्या कप्प्यावर ठेवून उभे राहिले. खिशात पाना होता, तो मी पाहिला होता. पण त्याचं पुढं काय होईल ते माझ्या डोक्यात आलं नाही.

नाना आले. पायघड्या झाल्या, हात जोडून झाले. "आधी मला माझं घर बघू दे, मग तुम्हा लेकींकडे येतो," असं बायांना सांगून ते आत चढले. मागून पुष्कर आणि मी. दार लागलं, एसी पूर्ण वेगानं सोडला. खिडकीचा पडदा ओढलेला होता. पडद्यामागची काच मी सकाळीच चार बोटं सरकवून ठेवली होती.

मी एकेक बटण दाखवायला लागले. नाना आरशात बघत केस सारखे करत होते. बोलता बोलता मी जनरेटर बंद करायचं बटण दाबलं.

दिवा लुकलुकला नाही. एसीचा वारा तसाच. पायाखालची थरथर तेवढी थांबली, पण गुबगुबीत गालिच्यावर ती कुणाला कळणार? बाहेर एकदम सामसूम झाली.

पुष्करला ते कळलं. त्यानं झटकन मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, असं मला वाटलं. नानांच्या खांद्याला हात लावून नुसतं 'जनरेटर' म्हटलं असतं तरी सगळं संपलं असतं. पुष्करनं तोंड उघडलं, मिटलं, आणि तो स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला. त्यानंही त्या गाडीत किती शिव्या खाल्ल्या होत्या कुणास ठाऊक.

"किती वेळ लावतेस गं?" नाना आपल्या नेहमीच्या बंद दाराआडच्या आवाजात म्हणाले, म्हणजे गरजलेच. "बाहेर त्या गावंढळ बाया ताटं घेऊन उभ्या आहेत. घामट हातांनी एकेक जण कुंकू फासणार, गालाला हात लावणार. शिसारी येते. पुष्कर, दोन मिनिटांत सोडव मला. आणि त्या टाळकुट्या म्हाताऱ्यांना सुरू होऊ देऊ नकोस, जनरेटर असाच चालू राहू दे."

बाहेर टाळाचा एक चुकार आवाज झाला आणि थांबला.

आणि तेवढ्यात पत्र्यावर वाजलं. टण्, टण्.

आबा! जनरेटर थांबलेला त्यांच्या तळहाताला कळला होता, आणि मधली सगळी वर्षं पुसून त्यांनी खिशातला पाना काढला होता. ज्या माणसानं थोबाडीत मारली त्याला सावध करायला. मला रडावं की ओरडावं कळेना. त्या एका क्षणी मी आबांवरही चिडले, खोटं कशाला सांगू? हातातोंडाशी आलेलं ते काढून घेत होते.

पुष्करनं डोळे मिटून घेतले. मी नानांकडे पाहिलं.

नाना आरशात भुवया नीट करत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग मी समोर जाऊन उभी राहिले, ओठ दिसतील अशी, आणि कितीतरी दिवस घोकून ठेवलेला प्रश्न विचारला. "नाना, तुम्ही माणसं सांभाळलेली. एक सल्ला द्या. माझ्याकडे एक जुना माणूस आहे. मशीनजवळ बसून बसून बहिरा झालाय. काढायचा तर गाव मलाच नावं ठेवेल."

सल्ला म्हटल्यावर नाना खुर्चीत मागं रेलले. तो त्यांचा धंदाच होता.

"बहिरा म्हणून कधी काढायचं नाही, बाळ. मग तो म्हणणार, तुमच्याच मशीननं कान गेले. युनियन उरावर बसते, लोक हळहळतात. माझ्याकडे एक होता बघ, आनंदा. तुमच्याच भागातला, कुंभार. तो बहिरा झाल्याचं मला त्याच्या आधी कळलं होतं. मागून हाक मारली तरी बेट्याला पत्ता नसायचा. एकदा त्याच्यापायी माझी इज्जत जायची वेळ आली. तेव्हा मी काय केलं? दोन वाजवल्या आणि सगळ्यांसमोर म्हटलं, पिऊन पडलाय."

"आणि प्यायचा तो?"

"छे! माळकरी बावळट. चहासुद्धा विचारून घ्यायचा." नाना हसले. त्या हसण्यावर टीव्हीपुढं बायका डोळे पुसायच्या. "पण दारुडा म्हटलं की काम संपलं. बहिऱ्याची बाजू दहा जण घेतील, दारुड्याची घरचेही घेत नाहीत. लक्षात ठेव."

टण्, टण्. पुन्हा, आणि या वेळी जोरात. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तोच माणूस जीव तोडून पत्रा वाजवत होता आणि त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"लक्षात ठेवते," मी म्हटलं. "आता चला. लोक वाट बघतायत."

नाना उठले. दाराशी थांबून त्यांनी चेहऱ्यावर नाना आणले, हात जोडले, आणि दार उघडून पायरीवर उभे राहिले.

समोर कुणी हललं नाही. बायांनी ताटं खाली धरली होती, एकीच्या ताटातलं निरांजन विझलं होतं. चॅनेलच्या मुलीचा माईकचा हात खिडकीकडे तसाच ताणलेला होता. भजनी मंडळ उठून उभं राहिलं होतं.

नानांना ती शांतता ऐकू येण्यासारखी नव्हतीच. त्यांनी चेहऱ्यांवरून अंदाज बांधला आणि प्रेमानं म्हणाले, "जनरेटरचा फार त्रास होतोय ना, बाळांनो? आत्ता बंद करायला सांगतो."

गणूआप्पा दोन पावलं पुढं आले. "त्यो मघाच बंद झालाय, नाना," ते म्हणाले.

नानांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग पुष्करकडे. पुष्कर मान हलवून हो म्हणाला. नानांचे जोडलेले हात खाली आले. मी आयुष्यात पुष्कळ चांगल्या गोष्टी पाहिल्या आहेत, माझ्या मुलीचा जन्मही पाहिला आहे. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरून नाना उतरताना पाहायला मिळाले, त्याची गोडी अजून माझ्या जिभेवर आहे. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळा जोर लावून सांगितलं, "आनंदा कुंभाराची लेक मी. वैजयंती."

ते त्यांना ऐकू गेलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चॅनेलवर ते दिवसभर वाजलं. गोड बोलण्याचे प्रयोग एकेक करून रद्द झाले. मालिकेत नाना तीर्थयात्रेला निघाले ते परत आलेच नाहीत. गाडी विकली गेली. दोन मालक बदलून ती मध्ये एकदा माझ्याकडे तपासायला आली होती, तर एक टोक ढिलं नव्हतं, छपरातून एक थेंब गळलेला नव्हता. मला वाईट वाटतं का, असं विलास कधीतरी विचारतो. नाही वाटत.

पण त्या दिवशीचं अंगण राहिलंच.

नाना आत गेले, दार लागलं, गाडी फाटकातून निघून गेली. आबा होते तिथंच उभे होते, हातात पाना. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि का बघतंय हे त्यांना कळत नव्हतं. गणूआप्पा त्यांच्यासमोर गेले. गळ्यातल्या टाळाची दोरी बोटांत फिरवत राहिले. गणूआप्पांवरही माझा राग होताच, त्यांची ती घालमेल मी शांतपणे बघत राहिले. शेवटी त्यांनी गळ्यातला टाळ काढून आबांपुढं धरला.

आबांनी टाळाकडे पाहिलं, मग आप्पांकडे, आणि हात मागं घेतला. "ऐकूच येत न्हाई ओ, आप्पा," ते सगळ्या हायवेला ऐकू जाईल असं म्हणाले. "ताल चुकतोय माझा."

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं डोळ्यांना लावलं.

मी आबांजवळ गेले. मला सगळं सांगायचं होतं, काय बोलला, कसं बोलला, कुणी कुणी ऐकलं. ओठांची सगळी तयारी करून मी समोर उभी राहिले. आबांनीच माझा दंड धरला.

"वैजे, मशीन बंद पडल्याबरुबर मी वाजवलं बघ. दोन बारी वाजवलं. ह्या टायमाला चुकलो न्हाई मी." त्यांनी जमलेल्या लोकांकडं बघितलं. "ह्येंनी ऐकलं न्हवं?"

"ऐकलं, आबा," मी म्हटलं. "समद्यांनी ऐकलं."

"मग झालं," आबा म्हणाले आणि त्यांनी पाना पुसून खिशात ठेवला.